सात नंबरच्या एप्रनची तिसरी सुई

कवळीकाराला माणूस चावला. कुत्रा नाही, मांजर नाही, चांगला एक्याऐंशी वर्षांचा, टाय लावलेला माणूस चावला. आणि चावला तोसुद्धा कवळीकाराने पंधरा दिवस खपून, घासून, तासून दिलेल्या दातांनी.

त्या भागात दातांचे डॉक्टर पाच होते आणि पाचांच्याही कवळ्या एकाच ठिकाणी घडत: पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर, एका लांबट खोलीत. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवा माणूस जिना चढून आत आला की अख्खी भिंत आपल्याला हसतेय असं वाटून तो आधी पँटची चेन तपासायचा. जबडा कोणाचा हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून प्रत्येक जबड्यावर नंबर. आणि दुपारपर्यंत कामगारसुद्धा भुवयांपर्यंत पांढरेफटक होऊन एकमेकांसारखे दिसू लागत, म्हणून त्यांच्या एप्रनवरही नंबर. कवळीकार सात. पॉलिशच्या मशीनवर बसणारी त्याची बायको तीन. प्लास्टर कालवणारा भुकट्या चार. भुकट्या त्रेचाळीस वर्षांचा आणि दाराएवढा होता. तो दारात उभा राहिला की खोलीत दिवा लावावा लागे.

चावणारे आजोबा पन्नास वर्षं लिलाव पुकारत आले होते. खुर्च्या विकल्या, घोडे विकले, एकदा तर म्हणे वापरात असलेला पूल विकला आणि घेणारा तो न्यायला गाडी घेऊन आला. त्यांची जुनी कवळी इतकी सैल होती की भर लिलावात ती तोंडातून उडून टेबलावर पडली, आणि त्यांनी हात पुढे करेपर्यंत मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी तिच्यावर बोली लावलीसुद्धा. तेव्हापासून नव्या कवळीचा ध्यास.

"आजोबा, आता अगदी हळू दात मिटा," कवळीकार म्हणाला. मागची दाढ नीट टेकते का हे बघायला त्याचं बोट आत होतं.

आजोबांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट हळू केली नव्हती. हातोडा पडावा तसे दात मिटले.

कवळीकार असा ओरडला की खाली गिरणीवाल्याने पट्टा तुटला समजून गिरणी बंद केली.

"बशली!" बोट तोंडातच ठेवून आजोबा आनंदाने गरजले. "काय पकड आहे! वा रे पठ्ठ्या!"

"आजोबा, बोट!"

"कशलं बोट?"

"माझं!"

बोट सुटलं. पहिल्या पेरावर चार दातांची सुबक रांग उमटली होती. इतकी सरळ, की दुखत असूनही कवळीकाराला क्षणभर स्वतःचं कौतुक वाटलं. पण रक्त येत होतं. आणि जुन्या कवळीने आजोबांच्या हिरड्या आधीच सोलून काढलेल्या, त्यांतूनही रक्त येत होतं. दोघांचं रक्त एकाच पेरावर.

बायकोने मशीन बंद केलं.

"अहो, ते बोट तोंडात घालू नका! लहान आहात का?" तिने मनगट धरून त्याला नळापाशी ओढलं. "पिळू नका. साबण लावा आणि धूत राहा. मी सांगेपर्यंत."

"अगं, एवढंसं तर आहे."

"एवढंसं असतं तर गिरणी बंद पडली नसती. चला दवाखान्यात. आजोबा, तुम्ही पण चला."

"मला काय झालंय?" आजोबा आरशात दात बघत म्हणाले.

"तुम्हाला काय झालंय तेच तर बघायचंय!"

दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. डॉक्टरबाई बुटक्या, चष्मा कपाळावर, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करायची सवय. त्यांनी बोट उलटसुलट बघितलं.

"माणूस चावला आणि दोघांचं रक्त आलं म्हटल्यावर बी प्रकारच्या काविळीचा विचार करावा लागतो. रक्तातून पसरते ती. आणखी दोन-तीन तपासण्या करू, पण मुख्य ही. लस घेतलीय?"

"घेतलीय की!" बायको ठसक्यात म्हणाली. "चार वर्षांपूर्वी नर्सबाई कारखान्यात यायच्या. तीन डोस. हे बघा, कार्डच आणलंय."

कवळीकाराने छताकडे बघितलं. सोबतीला येऊन मागे उभ्या राहिलेल्या भुकट्याने फरशीकडे बघितलं.

कारण तीनातले दोनच डोस खरे होते.

दिवसभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालणारा हा माणूस सुईला मात्र असा भ्यायचा की शिंप्याच्या दुकानावरून जायचं झालं तर रस्ता बदलायचा. पहिल्या डोसला त्याचा एप्रन घामाने पिळून निघाला. दुसऱ्या डोसला तो प्लास्टरच्या पोत्यांवर कोसळला, पोती फुटली, आणि त्या पांढऱ्या ढगात नर्सबाई पाच मिनिटं कोणालाच सापडल्या नाहीत. तिसऱ्याच्या दिवशी त्याने भुकट्याला कोपऱ्यात घेतलं.

"माझा एप्रन घाल. भुवया पांढऱ्या कर. बाई चेहरा बघत नाहीत, नंबर बघतात."

"दादा, मला चालेल. पण डोसनंतर बिस्किटांचा पुडा देतात, तो माझा."

"दोन्ही पुडे तुझे."

नर्सबाईंनी पांढरं भूत बघितलं, एप्रनवरचा सात वाचला, सुई टोचली, कार्डावर खूण केली. दहा मिनिटांनी तेच भूत चार नंबर घालून दुसरा दंड पुढे करून आलं. "तुम्ही मघाशी आला होतात ना?" बाईंनी विचारलं. "आम्ही सगळे सारखेच दिसतो," भुकट्या म्हणाला, आणि खोलीभर नजर फिरवून बाईंना ते पटलं.

आता डॉक्टरबाई कार्डावरच्या तीन खुणा बघत होत्या. बोलावं तर सुई आली, आणि सुईच्या आधी बायको आली. न बोलावं तर उद्या कावीळ आली तर? कवळीकाराने ठरवलं, आधी रक्त काय म्हणतं ते बघू. रक्ताने निभावून नेलं तर आपण कशाला तोंड उघडा!

रक्त काढायलाही सुईच लागते हे त्याला जरा उशिरा कळलं. भुकट्या त्याच्या मांडीवर बसला, बायकोने डोळ्यांवर हात ठेवला, आणि काम उरकलं. ते बघून भुकट्याने स्वतःचाही दंड पुढे केला. "बाई, माझंही रक्त बघा ना. हौस." आजोबा मात्र अडून बसले. नव्या दातांनी सफरचंद खाऊन दाखवल्याशिवाय एक थेंब देणार नाही म्हणाले. सफरचंद आणलं. त्याचा जो काय कर्रकन आवाज झाला, त्याने बाकावरचं तान्हं मूल रडायचं थांबून टाळ्या वाजवायला लागलं. मग आजोबांनी बाही वर केली.

"उद्या सकाळी दहाला या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दहा म्हणजे दहा. काही द्यायचं असलं तर ते चोवीस तासांच्या आत दिलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना चौघंही टेबलापुढे हजर होते. आजोबा नवा टाय लावून.

"आजोबांचा रिपोर्ट मशीनवर पुन्हा लावलाय, येईल इतक्यात," डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "कवळीकार, तुमचा आलाय. तीन ओळी आहेत. सोपं करून सांगते. विषाणूला वरची साल असते आणि आत गर असतो. पहिली ओळ विचारते, ही साल तुमच्या रक्तात फिरतेय का? निगेटिव्ह. म्हणजे विषाणू अंगात नाही. पण हे कालपर्यंतचं. कालच्या चाव्यातून काही शिरलं असेल तर ते आजच्या रक्तात दिसत नाही, त्याला आठवडे लागतात."

"आणि दुसरी?" बायकोने विचारलं.

"दुसरी गराविरुद्धची अँटिबॉडी. खरा विषाणू आयुष्यात कधी येऊन गेला असेल तरच ती सापडते. यांची निगेटिव्ह. म्हणजे कधीच आला नाही. तिसरी ओळ सालीविरुद्धची अँटिबॉडी. हे संरक्षण. लस म्हणजे काय, त्या सालीचा नुसता ठसा. विषाणू नाही, गर नाही. तुम्ही हिरडीचा ठसा घेऊन त्यावर नेमकी बसणारी कवळी करता की नाही? तसं शरीर त्या ठशावरून विषाणूवर नेमकं बसणारं हत्यार घडवतं. यांची ही ओळ पॉझिटिव्ह आहे."

"पॉझिटिव्ह!" भुकट्या भिंतीला टेकला. "गेला माझा दादा!"

"अहो, ही ओळ पॉझिटिव्ह असली तर पेढे..." बाई हसल्या. "म्हणजे चांगलं असतं! आकडा दहा किंवा वर हवा. यांचा आहे चौदा."

कवळीकार खुर्चीतून असा उडाला की खुर्ची मागे गेली आणि तो पुढे. "चौदा! अगं, चौदा! दहा हवे होते, चौदा आहेत!"

"आणि भुकटीवाल्यांचा," बाईंनी दुसरा कागद घेतला, "हजाराच्या वर. मशीनला त्यापुढे मोजताच येत नाही."

झालं. आजोबांमधला लिलाववाला जागा झाला. ते उठले, टाय सरळ केला आणि टेबलावर मूठ आपटली. "चौदा! चौदा एक वार! मागच्या बाकावरून हजार! हजाराच्या पुढे कोणी आहे? पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ, हजार एक वार..." बाहेरचे रोगी दारात गोळा झाले. एका बाईने सर्दीच्या औषधाची चिठ्ठी हवेत धरून "बाराशे!" म्हटलं. "बाराशे आले! बाराशे दोन वार!" कवळीकार स्वतःभोवती गिरक्या घेत होता, भुकट्या दोन्ही दंड फुगवून दाखवत होता, आणि सर्दीवाल्या बाई जिंकल्या.

"बसा खाली सगळे!" डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप टेबलावर आपटला. "आकड्याची शर्यत नसते. तिन्ही डोस पुरे झालेल्या माणसाला चौदा काय आणि हजार काय. आजोबांच्या रक्तात उद्या विषाणूचा बाजार भरलेला निघाला तरी यांना काही होणार नाही. जा घरी."

"चला!" बायकोने पिशवी उचलली. तिचे डोळे भरून आले होते, पण ते दिसू नये म्हणून ती आजोबांवर ओरडली. "आणि तुम्ही! यापुढे चावायचं झालं तर सांगून चावा!"

कवळीकार दारापर्यंत नाचत गेला. एक पाय बाहेर पडलासुद्धा. तिथेच तो थबकला. "तिन्ही डोस पुरे झालेल्या माणसाला" हे शब्द दातात सुपारी अडकावी तसे त्याच्या डोक्यात अडकले.

"बाई," तो मागे वळून म्हणाला. "उगाच आपलं विचारतो. समजा एखाद्याने दोनच घेतले. आणि चौदा आले. तर?"

"तर मी त्या चौदावर विसंबणार नाही. अर्धवट कोर्समध्ये आकडा वर दिसतो आणि टिकेलच असं नाही. त्या माणसाला मी लस न घेतलेलाच धरीन. समोरच्याला कावीळ निघाली तर तयार अँटिबॉडीचं मोठं इंजेक्शन, वर राहिलेला डोस. का?"

"मोठं म्हणजे?"

बाईंनी दोन बोटांत अंतर दाखवलं. कवळीकाराच्या कपाळावर घाम फुटला. बाहेर ऊन होतं, रस्ता होता, कार्डावर तीन खुणा होत्या. फक्त दुसरा पाय उचलायचा होता.

पण वीस वर्षं त्याने एकच गोष्ट गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितली होती. दरवर्षी कोणी ना कोणी आळशी माणूस मापाला आपल्या भावाला पाठवायचाच. "आमची तोंडं सारखीच आहेत हो!" आणि दरवर्षी तो त्यांना जिन्यावरून परत पाठवायचा: अरे बाबा, भावाच्या ठशावरची कवळी तुझ्या तोंडात बसणार नाही, मग भाऊ जुळा का असेना! आणि इथे त्याने स्वतः काय केलं होतं? ठसा भुकट्याच्या दंडात, आणि कवळी आपल्या कार्डावर.

त्याने पाय आत घेतला.

"तो एखादा मीच," तो म्हणाला.

पुढचं सगळं त्याने एका दमात सांगितलं: एप्रन, भुवया, बिस्किटं.

बायको सावकाश वळली. "म्हणजे त्या दिवशी तुम्ही दंडाला पट्टी लावून आला होतात ती?"

"खाली काही नव्हतं."

"आणि दोन दिवस कण्हत होतात ते?"

"ते... तू सूप देत होतीस म्हणून."

"दोन दिवस शेकला मी तो दंड! दोन दिवस! सुई गेली भुकट्याच्या हातात आणि शेक घेताय तुम्ही!"

"वहिनी, माझे दोन्ही दंड दुखत होते," भुकट्या हळूच म्हणाला. "मला कोणी विचारलंही नाही."

"तुम्ही गप्प बसा, भावजी! बिस्किटांसाठी लोकांच्या सुया घेत फिरता! उद्या यांच्या जागी फाशी जाल लाडू मिळतो म्हणून!" आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग ती खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिने नवऱ्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि हात तिथेच राहू दिला. "पण बोललात. बोलला नसतात आणि काही झालं असतं तर मी काय या कार्डाशी संसार केला असता?"

त्याच वेळी दाराच्या फटीतून प्रयोगशाळेचा माणूस कागद सरकवून गेला. डॉक्टरबाईंनी तो उचलला. कवळीकाराने खुर्चीचे हात धरले.

"साल: निगेटिव्ह," बाईंनी वाचलं. "म्हणजे आज आजोबांच्या रक्तात विषाणू नाही. तुम्हाला त्यांच्याकडून कावीळ मिळालेली नाही. बाकीच्या तपासण्याही निगेटिव्ह. मोठं इंजेक्शन रद्द."

कवळीकाराने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद भुकट्याच्या अंगावर गेले.

"थांबा. गराविरुद्धची अँटिबॉडी: पॉझिटिव्ह. सालीविरुद्धचीही पॉझिटिव्ह. आजोबा, तुम्ही लस घेतली होती?"

"आमच्या वेळी लस कुठली?"

"मग तुम्हाला ही कावीळ कधीतरी होऊन गेलीय. शरीराने ती स्वतःच हुसकावून लावली. खूप लोकांना कळतही नाही."

आजोबांची छाती टायच्या बाहेर आली. "म्हणजे मी लढलो?"

"लढलात."

"आणि जिंकलो?"

"जिंकलात. पण पुढे कधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरांना हे आधी सांगायचं. हुसकावली तरी तिचा अंश यकृतात झोपलेला असतो, तो तेव्हा जागा होऊ शकतो."

यातलं पुढचं आजोबांनी किती ऐकलं कोण जाणे. ते बाहेरच्या बाकावर जाऊन सर्दीवाल्या बाईंना लढाईची हकीकत सांगू लागले होते. त्या हकीकतीत कावीळ घोड्यावर बसून आली होती.

"आता तुम्ही," डॉक्टरबाईंनी छोटी कुपी काढली. "तिसरा डोस राहिलाय. चार वर्षं झाली तरी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला नको, राहिलेला तेवढा घ्यायचा. महिन्या-दोन महिन्यांनी आकडा पुन्हा बघू. बाही वर करा."

"आत्ता? आजोबा तर निगेटिव्ह..."

"आजोबा निगेटिव्ह. उद्या आणखी कोणी चावेल. तुमच्या कवळ्या फार चांगल्या आहेत."

भुकट्या पुढे झाला. "दादा, मी घेऊ?" त्याने सवयीने बाही वर केलीच होती. तिघांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

कवळीकाराने बाही वर केली. डोळे मिटले नाहीत. सुई दिसली, सुईच्या टोकावरचा थेंब दिसला, थेंबात उलटी झालेली खिडकी दिसली. मग अख्खी खोलीच त्या खिडकीसारखी उलटी झाली आणि तो सरळ, सभ्यपणे, एकही वस्तू न पाडता बायकोच्या मांडीवर आडवा झाला.

"टोचू का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"टोचा," बायको म्हणाली. "बाही यांनी स्वतः वर केलीय."

शुद्धीवर आला तेव्हा दंडावर कापूस होता आणि कार्डावर आजची तारीख. जुन्या खुणेवर बाईंनी आडवी रेघ ओढून शेजारी सही केली होती. त्याने कापूस उचलून बघितलं. खाली खरोखर एक लाल ठिपका होता. तो उठला, भुकट्याला दाखवला, औषधं देणाऱ्याला दाखवला, सर्दीवाल्या बाईंना दाखवला. आजोबांनी चष्मा लावून बघितला आणि घोड्याची गोष्ट पुढे चालू केली.

मग दंड कशालाही लागू नये म्हणून तो हात सरळ वर धरूनच चौकात उतरला. डावीकडून येणारी मोटार थांबली. उजवीकडचा ट्रक थांबला. एका सायकलवाल्याने पाय टेकून घाबरत विचारलं, "काय झालं हो, साहेब?"

"तिसरी!" कवळीकार म्हणाला, आणि हात तसाच वर ठेवून, सगळ्यांकडे मान डोलावत, अगदी रमतगमत रस्ता ओलांडून गेला. मागून बायको ट्रकवाल्याची माफी मागत आली.